फिल्टर बदलायच्या आधी एवढं नीट वाच

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालास की गाडी चढावर दम सोडतेय, सपाटीला ठीक असते पण ओव्हरटेक करायला पाय दाबला की हिसके देते, आणि आता सुट्टीच्या दिवशी फ्युएल फिल्टर मीच बदलणार आहे. मला खरंच खूप बरं वाटलं ऐकून. पण फोनवर सांगितलं की अर्धं विसरायला होतं आणि या कामात अर्धं विसरून चालत नाही, म्हणून बसून लिहितेय, लांब झालं तरी पूर्ण वाच.

आधी गाडीचं मॅन्युअल उघड आणि तुझ्या गाडीला बाहेरून निघणारा फिल्टर आहे का ते बघ. बऱ्याच नवीन पेट्रोल गाड्यांमध्ये तो टाकीच्या आत पंपासोबतच बसवलेला असतो, तसं असेल तर सोड, टाकी उघडायचं काम घरी करायचं नाही. तुझी जुनी आहे, त्यामुळे गाडीखाली टाकीजवळ किंवा बॉनेटखाली एक छोटा डबा दिसेल, दोन्ही टोकांना पाईप जोडलेले, तोच तो. आणि एक, हीच लक्षणं पंप कमजोर झाला, एअर फिल्टर तुंबला किंवा स्पार्क प्लग खराब झाले तरी दिसतात, म्हणजे फिल्टर बदलून फरक पडला नाही तर निराश होऊ नकोस, पुढची पायरी म्हणजे गेज लावून पेट्रोलचं प्रेशर तपासून घेणं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते. इंजिन बंद केलं म्हणजे पाईपातलं प्रेशर गेलं असं अजिबात समजू नकोस. इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारून इंजिनात सोडणाऱ्या गाडीत, लाईनमध्ये साधारण 3 ते 4 बार प्रेशर असतं, टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त, आणि गाडी पुढच्या वेळी पटकन सुरू व्हावी म्हणून पंपातला व्हॉल्व ते बराच वेळ धरून ठेवतो. अशा वेळी तू पाईप सोडलास तर पेट्रोलचा फवारा थेट तोंडावर येतो, डोळ्यात जातो, नाहीतर गरम इंजिनवर पडतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ दे, मग फ्यूज बॉक्समधला फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढ (कुठला ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं), गाडी सुरू कर, ती थोडी चालून आपोआप बंद पडेल, परत दोन-चार सेकंद स्टार्टर मार, चावी काढ, टाकीचं झाकण एकदा उघड आणि मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव. क्रम बदलू नकोस, बॅटरी आधी काढलीस तर गाडी सुरूच होणार नाही आणि प्रेशर तसंच राहील. एवढं करूनही पाईपात थोडं पेट्रोल उरतंच, ते गळणार हे धरूनच चाल.

जागा उघडी हवी, बंद गॅरेज नको आणि खड्डा तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, दिसत नाही, आणि शून्याच्या खाली 40 अंशाला सुद्धा पेटू शकेल इतकी वाफ पेट्रोल सोडतं, त्यामुळे आज थंडी आहे काही होत नाही असलं डोक्यात आणू नकोस. जवळपास गिझर, शेगडी, सिगरेट काही नको, उजेडाला एलईडी टॉर्च घे, जुना काचेचा बल्ब वायरीवर ओढत आणू नकोस, फुटला की संपलं. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेव. पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

गाडीखाली जायचं असेल तर कडक सपाट जमीन, हँडब्रेक, चाकांना अडवायला दगड किंवा ठोकळे, आणि जॅकस्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड. डिकीतला जॅक फक्त चाक बदलायला असतो, त्याच्या भरवशावर एक हात सुद्धा आत घालायचा नाही, यावर मी काही ऐकून घेणार नाही.

प्रत्यक्ष काढताना सेफ्टी चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घाल, खाली ट्रे ठेव. चेहरा जोडाच्या सरळ खाली नको, बाजूला ठेव. जोडाभोवती जाड फडकं गुंडाळ, पाना जरासा फिरव आणि थांब. सूं आवाज येईल, वास येईल, फडकं ओलं होईल, होऊ दे, आवाज थांबला की मग पूर्ण सोडव. नट असलेला जोड असेल तर दोन पाने लागतात, एकाने फिल्टरचा नट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने पाईपचा फिरवायचा, नाहीतर पाईपच पिळला जातो आणि मग पाच मिनिटांचं काम पाच दिवसांचं होतं. त्यात तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर असतील तर नवेच टाक, जुने एकदा दबलेले असतात ते परत सील करत नाहीत. प्लॅस्टिकच्या लॉकवाला जोड असेल तर आधी ब्रशने सगळी माती झाड, मग पाईप फिल्टरकडे थोडा आत ढकल आणि तसाच धरून लॉक दाब, लगेच सुटेल. नुसतं ओढत बसलास तर प्लॅस्टिक तुटतं. रबरी नळी असेल तर ती वाकवून बघ, भेगा दिसल्या की नळी आणि क्लँप दोन्ही नवे, आणि नळी इंजेक्शनच्या प्रेशरची आहे असं छापलेलीच घे.

नव्या फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनकडे. उलटा बसवू नकोस. लॉकवाले जोड टक आवाज येईपर्यंत ढकल आणि मग मागे जोरात ओढून बघ, निघाला नाही म्हणजे बसला.

यानंतर फ्यूज परत लाव, बॅटरी जोड, पण लगेच स्टार्टर मारू नकोस. नुसती चावी ऑन कर, मागून पंपाची गुणगुण दोन सेकंद ऐकू येईल, ऑफ कर, असं तीन-चार वेळा. आता खाली वाकून प्रत्येक जोडाभोवती पांढरा टिश्यू फिरव, पेट्रोलचा एवढासा डाग पडला तरी तिथे जोड परत सोडवून बसवायचा, "थोडंसंच आहे" हे चालणार नाही. कोरडा निघाला तरच सुरू कर आणि इंजिन चालू असताना परत एकदा टिश्यू फिरव, फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवून. मग एक चक्कर मारून ये, गार होऊ दे, आणि तिसऱ्यांदा बघ. पहिल्यांदा सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, बॅटरी काढल्यामुळे घड्याळ रेडिओ परत लावावं लागेल, त्याची काळजी नको.

मित्राच्या डिझेल गाडीवर हेच करायला जाऊ नकोस. तिथे फिल्टरखालून पाणी काढायचं असतं, बदलल्यावर हवा काढायची असते, आणि पंपाच्या पुढच्या कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या, पाईपात हजार बारच्या वर प्रेशर जातं, त्या पाईपाला हात लावायचा नाही.

काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नकोस, घट्ट झाकणाच्या पेट्रोलच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दे, आणि ओली फडकी बाहेर पसरून वाळव, गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस.

जुना फिल्टर मात्र लगेच फेकू नकोस. ज्या टोकाने पेट्रोल आत यायचं त्या टोकाने तो पांढऱ्या ताटलीत उलटा कर आणि काय येतं ते बघ. तांबूस गंज आला तर टाकी आतून गंजतेय, काळे रबराचे कण आले तर कुठली तरी नळी आतून सुटतेय, तळाशी वेगळे थेंब जमले तर पाणी आहे. ताटलीचा फोटो काढून मला रात्रीच पाठव, त्यावरून ठरवू टाकी साफ करायची की नाही.

तुझी
आई