माळ्यावर न चढताच काढलेला माळ्याचा नकाशा: शुल्क परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

डिचोली येथील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर राहती खोली करायची म्हणून पाहणी व नकाशासाठी आपण 25,000 रुपये आगाऊ घेतलेत. पाहणीला आलेला आपला माणूस माळ्यावर चढलाच नाही. शिडी लावून दिली होती. वर धूळ आहे म्हणत त्याने खालूनच मापे घेतली, फोटो काढले आणि चहा पिऊन गेला.

भिंती मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या, वर मंगळुरी कौले. माळ्याच्या फळ्यांपासून तीन फुटांवर कैचीची (छपराच्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याची) आडवी तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. खोलीत मध्येच येते म्हणून नकाशातून ती सरळ उडवली आहे! वासे भिंतींना बाहेर रेटतात आणि तो रेटा हीच तुळई धरून ठेवते, हे आमच्या सुताराने नकाशा पाहताक्षणी सांगितले. आपल्या कार्यालयाचे फोनवरचे उत्तर मात्र, "साइटवर अ‍ॅडजस्ट करू." तुळई कापल्यावर काय अ‍ॅडजस्ट करणार?

उंची आढ्याखाली दहा फूट, भिंतीकडे जेमतेम तीन, सरासरी साडेसहा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उतरत्या छपराखालच्या राहत्या खोलीची सरासरी उंची 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट लागते. नकाशात हिला 'मास्टर बेडरूम' म्हटले आहे. पंचायतीत परवान्यासाठी हा कागद कोणत्या तोंडाने नेऊ? होत नसेल तर पैसे घेण्याआधी सांगायचे होते.

जिना बाहेरच्या भिंतीलगत काढलाय, म्हणजे वर पोचणाऱ्याचे डोके वाशावर आपटणार. त्यासाठी फळ्या कापायच्या त्याही नेमक्या चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतो तिथल्या. घरच्यांना एक शब्द विचारला असता तरी कळले असते. शिवाय कौलांखाली सगळीकडे जिप्समचे बंद छत. पावसाळ्यात कौल सरकले तर गळती दिसणार कुठून? वाळवी लागल्यावरच कळायचे.

तरी पूर्ण शुल्क परत करावे. नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनियरने स्वतः माळ्यावर चढून पाहणी करावी आणि तुळईबाबत सहीनिशी अहवाल द्यावा, त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. पुढचा हप्ता मी थांबवला आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

सोबत: पावती, नकाशाची प्रत, तुळईचे फोटो.

आपला ग्राहक,
डिचोली, गोवा