तुझा ट्रॅक्टरचा गेम खेळून झाल्यावर

प्रिय सोनू,

तुझा उसाच्या ट्रॅक्टरचा गेम घरातल्या सगळ्यांनी खेळला. चांगला झालाय असं मी फोनवर म्हणाले, ते केवळ आई म्हणून नव्हे. वळणावर मागची ट्रॉली जरा उशिरानं वळते आणि मोळ्या एका अंगाला कलतात, ते तू हुबेहूब पकडलंयस. हंगामात आपल्याकडच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकलेल्या कुणालाही ते लगेच ओळखू येईल. पण तू म्हणालास, "आई, डिझायनर म्हणून सांग." म्हणून सविस्तर लिहिते.

आज्जी खेळायला बसली तेव्हा तू व्हिडिओ कॉलवर होतास. तिनं आधी ट्रॅक्टरवरच बोट ठेवलं. ट्रॅक्टर चालवायचा तर ट्रॅक्टरला हात लावायचा, तिचं बरोबरच होतं. काही हललं नाही म्हणून तिनं पुन्हा दाबलं, मग मोळ्यांवर दाबून बघितलं, आणि तू तिकडून ओरडलास, "आज्जी, खाली कोपऱ्यात बटण बघ की!" तिथंच चाचणी संपली, राजा. समोरचा माणूस अडलाय, उत्तर आपल्याला माहीत आहे आणि तरी गप्प बसायचं, हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. सॉफ्टवेअर शिकता येतं, पडद्यांचे आराखडे काढायचं फिग्मा तर महिन्याभरात हाताला बसतं. गप्प बसायला फार वेळ लागतो. उद्या गडहिंग्लजात कुणी तुझा गेम उतरवून घेईल तेव्हा त्याच्या शेजारी तू नसशील. सुरुवातीला एवढंच सांगायचं, "मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा." मग बोट कुठं थांबलं, कुठून मागं आलं, कपाळाला आठी कुठं पडली, ते वहीत लिहायचं. प्रश्न सगळे शेवटी.

आणि त्यासाठी शंभर माणसं लागत नाहीत. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी मांडलेला हिशेब आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो: पाच जणांना बसवलं तरी वापरातल्या साधारण 85 टक्के अडचणी दिसतात. त्या दुरुस्त करायच्या आणि नवे पाच बसवायचे. मात्र पाचही तुझे हॉस्टेलचे मित्र नकोत. त्यांनी आयुष्यभर गेमच खेळलेत.

यूएक्स, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं घडवणं, आणि गेम डिझाइन एकच का, असं तू विचारलं होतंस. मी दोन्ही करते, म्हणून मला दिसणारा फरक सांगते. बँकेच्या ॲपमध्ये माणूस कुठंही न अडता पैसे पाठवून मोकळा झाला पाहिजे. गेममध्ये तो अडलाच नाही तर खेळायचं काय? तिथं अडथळे मुद्दाम घालायचे असतात. पण अडथळा खेळात हवा, पडद्यात नको. चिखलात चाक रुतलं तर खेळाडू स्वतःवर चिडतो आणि पुन्हा सुरुवात करतो. बटण सापडलं नाही तर तो तुझ्यावर चिडतो आणि गेम काढून टाकतो.

1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल पुन्हा खेळ, या वेळी डिझायनरच्या नजरेनं. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडं मोकळी जागा. कुठं जायचं ते कुणी लिहून सांगत नाही. समोरून पहिला शत्रू येतो, उडी मारायला शिकावंच लागतं. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेलं मशरूम पाइपला आपटून तुझ्याकडंच परत येतं, आणि वरच्या ठोकळ्यांमुळं ते चुकवणंही कठीण. ते लागतं, मारिओ मोठा होतो, आणि मशरूम चांगलं असतं हे कळतं. हा गेम घडवणाऱ्या मियामोतो आणि तेझुका यांनी एक शब्दही न लिहिता हे शिकवलं. तुझ्या गेममध्ये सुरुवातीला सूचनांची तीन पानं आहेत. तुझ्या बाबांनी ती न वाचताच पुढं ढकलली. बहुतेक सगळे तेच करतील.

शेजारच्या तालमीतला पोरगा मात्र ओढ्याजवळ सारखा चिडत होता: "काकी, ब्रेक दाबला होता की मी!" त्यानं दाबला होता, पण कडा ओलांडल्यावर, क्षणभर उशिरा. पडद्यावर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं, धरली तर एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. कडेनंतर पाच-सहा फ्रेम त्याचा ब्रेक मान्य कर. उड्या मारायच्या गेममध्ये ही सवलत नेहमी देतात. खेळाडूच्या ती लक्षातही येत नाही, फक्त गेम न्यायानं वागतोय असं वाटतं.

बटण मोठं कर. गूगलच्या मार्गदर्शनात दाबायची जागा किमान 48 डीपी (पडद्यावरचं माप) सांगितली आहे, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर. डिझेलच्या काट्याला नुसता लाल आणि हिरवा रंग आहे. हे दोन रंग वेगळे न दिसणारे पुष्कळ पुरुष असतात, तिथं आकडा किंवा चिन्हही दे. कोल्हापुरात खासबागेत तू बाबांबरोबर कुस्त्या बघायचास ना? आखाडा मधोमध आणि बसायची जागा चहूबाजूंनी चढत गेलेली, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्यालाही डाव दिसतो. शाहू महाराजांच्या काळात, शंभर वर्षांपूर्वी, कुणीतरी त्या शेवटच्या माणसाचा विचार केला होता. तुझा शेवटच्या रांगेतला माणूस म्हणजे तडा गेलेल्या काचेचा स्वस्त फोन घेऊन भर उन्हात उभा असलेला. त्याच्यासाठी बघ.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं, ती. तुझ्या यादीत 'रोजचं बक्षीस' आहे, आणि एक दिवस चुकला की सगळी नाणी जातात. माणसं परत येतील, खरं आहे. पण ट्रॉली चालवायची मजा म्हणून नव्हे, नाणी जातील या भीतीनं. हे मला मान्य नाही. मला एका कामात सदस्यत्व रद्द करायचं बटण चार पानांमागं लपवायला सांगितलं होतं. मी नकार दिला, ते काम गेलं, आणि आजही मी तेच करीन. आपल्या सरकारनं 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अशा 13 फसव्या रचनांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं, सतत टोचत राहणं हे त्यात आहे. बेल्जियमनं 2018 मध्ये पैसे घेऊन नशिबाची पेटी उघडायला लावणाऱ्या गेमना जुगाराच्या कायद्याखाली आणलं. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तुझा गेम खेळणाऱ्याची संध्याकाळ त्याची आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाकडून तू ती मागून घेतोस.

इंजिनिअरिंग सोडायचा विचार आत्ता नको. कोड येणारा डिझायनर स्वतःची कल्पना स्वतः चालवून बघू शकतो. पदवीनंतर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा रस्ता आहे. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू कॅम्पसमध्ये गेम डिझाइनच शिकवतात. आणि 2020 मध्ये आलेला 'राजी' हा गेम तुझ्याच पुण्यातल्या छोट्या टीमनं केला, हे विसरू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा हंगामाची गडबड असेल. कारखान्याच्या वजनकाट्याला रांगेत ड्रायव्हर तासन्‌तास बसून असतात. त्यांना विचारून गेम खेळायला देऊ. तू वही घेऊन बसायचंस, मी चहाचं बघते. तोवर बटण मोठं करून नवीन आवृत्ती पाठव. आज्जी रोज विचारते.

तुझी,
आई