सड्यावर (कातळाच्या माळावर) उभं राहून माझा टॉमकॅट सरळ करून देणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

त्या रात्री फोनवर थँक्यू म्हणालो तेव्हाच रेंज गेली, तुम्हाला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. म्हणून आज नीट लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण गावात बसून असली कामं करणारी पोरं आता बरीच आहेत आणि माझ्यासारखाच कोणीतरी आत्ता कुठेतरी अडकलेला असणार.

आमच्या घरच्या आणि शेजारच्या तीन बागांचा आंबा थेट गिऱ्हाइकाला विकायचा म्हणून मी ते बुकिंगचं ॲप केलं होतं. जावामध्ये लिहिलेलं, भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर टॉमकॅट 9 (जावाची वेब ॲप्स चालवणारा प्रोग्राम), त्याच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये आंबा नावाची वॉर फाइल, म्हणजे अख्खं ॲप बांधलेलं एक गाठोडं, टाकली की चालू. रोज संध्याकाळी 7 वाजता ॲपमधला शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा भाग) उठायचा, उद्या ज्यांच्या पेट्या निघणार त्यांना एसएमएस पाठवायचा आणि बाबांसाठी गाडीची यादी करायचा. मार्चमध्ये सगळं सुरळीत होतं. एप्रिलच्या सुरुवातीला मला वाटलं की लिंकच्या शेवटी ते स्लॅश आंबा नको, नुसतं नाव टाकलं की साइट उघडायला हवी, म्हणून टॉमकॅटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये, एक कॉन्टेक्स्टची ओळ घातली (कुठलं ॲप कुठल्या पत्त्यावर चालवायचं ते सांगणारी), पाथ म्हणजे पत्ता रिकामा आणि डॉकबेस म्हणजे ॲपचं फोल्डर आंबा. रीस्टार्ट केलं, साइट मस्त उघडली, मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून प्रत्येकाला दोन मेसेज. तेवढंच असतं तर चाललं असतं पण यादीतही प्रत्येक नाव दोनदा, 14 पेट्यांच्या जागी 28, आणि बाबांनी यादीवर विश्वास ठेवून अढीतला तयार माल काढून भरायला घेतला. खळ्यात पेट्यांची रांग लागली तेव्हा आईच्या लक्षात आलं की पुण्याच्या एकाच बाईंचं नाव दोन ठिकाणी आहे. बाबा मला काहीच बोलले नाहीत, आत गेले आणि जुनी वही काढून हाताने यादी लिहायला बसले. ते मला फार लागलं.

चार दिवस मी कोडमध्ये शोधत होतो. एसएमएसवाल्यांना फोन केला, त्यांचं काही चुकत नव्हतं. मग एक स्टॅटिक व्हेरिएबल (अख्ख्या ॲपला मिळून एकच असणारी नोंद) ठेवलं, आज मेसेज गेले असतील तर ट्रू, म्हणजे दुसऱ्यांदा जाणारच नाहीत. तरी दोनदाच! तेव्हा आत्येभावाने तुमचा नंबर दिला, म्हणाला आमच्या वाडीतले दादा मुंबईत बरीच वर्षं हेच काम करायचे, आता घरूनच करतात, विचारून बघ.

तुम्ही मला ओळखतही नव्हतात. घरात रेंज नाही म्हणून अंधारात टॉर्च घेऊन वर सड्यावर गेलात आणि तिथे वाऱ्यात उभं राहून सव्वा तास माझ्याशी बोललात, मागे त्या वाऱ्याचा आवाज मला अजून आठवतोय. कोड दाखव असं एकदाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "कॅटलिना डॉट आउट उघड, टॉमकॅट सुरू झाला तिथपासून वाचून दाखव." ती टॉमकॅटची लॉग फाइल, काय काय घडलं त्याची नोंद. मी वाचत गेलो आणि "शेड्युलर सुरू झाला" ही माझीच लिहिलेली ओळ आली, मग काही सेकंदांनी परत तीच आली. तुम्ही म्हणालात, "थांब. ही दोनदा का?"

मग तुम्ही जे समजावलंत ते मला कुठल्याच व्हिडिओत इतकं स्वच्छ मिळालं नव्हतं. वॉर फाइल वेबॲप्समध्ये पडलीय म्हणून टॉमकॅट ती आपणहून स्लॅश आंबावर डिप्लॉय करतो, म्हणजे चालू करतो, आणि मी सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये सांगितलंय म्हणून तेच फोल्डर परत रूटवर, म्हणजे नुसत्या नावाच्या पत्त्यावर, डिप्लॉय करतो. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी ॲप्लिकेशन्स, दोघांचा क्लासलोडर (कोड मेमरीत आणणारा भाग) वेगळा, म्हणून माझं स्टॅटिक व्हेरिएबलसुद्धा दोन ठिकाणी दोन. "एकाच झाडाच्या काडीची दोन कलमं बांधलीस रे, एकावर फवारणी केलीस तर दुसऱ्याला कशी लागेल?" हे तुमचं वाक्य ऐकलं आणि चार दिवसांचं कोडं एका क्षणात सुटलं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. टॉमकॅट बंद, ती कॉन्टेक्स्टची ओळ काढली, वेबॲप्समधलं आंबा फोल्डर, जुनी वॉर आणि टॉमकॅटसोबत आलेलं रूट फोल्डर उडवलं, आणि नवीन वॉरचं नाव रूट ठेवलं. "कॅपिटलमध्ये लिहिलंस ना? स्मॉलमध्ये लिहिलंस तर तो स्लॅश रूट असा पाथ धरेल," हे तुम्ही विचारलंत आणि मी खरंच स्मॉलमध्ये लिहिलं होतं. ॲप दुसरीकडे ठेवायचं असेल तर टॉमकॅटच्या कॉन्फ, कॅटलिना, लोकलहोस्ट या एकात एक फोल्डरांच्या आत रूट डॉट एक्सएमएल ठेव पण डॉकबेस वेबॲप्सच्या बाहेरचा दे, आणि सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये ॲपची ओळ घालूच नको, ती बदलायला प्रत्येक वेळी अख्खा टॉमकॅट रीस्टार्ट करावा लागतो, हेही तेव्हाच सांगितलंत.

त्याच फोनवर अजून दोन गोष्टी तुम्ही न विचारता पकडल्यात. पेमेंटच्या पावत्यांचे फोटो मी टॉमकॅटने वॉर सोडवून वेबॲप्समध्ये केलेल्या फोल्डरातच साठवत होतो, आणि नवीन वॉर टाकली की टॉमकॅट ते फोल्डर पुसून नव्याने सोडवतो. आधी बाहेर कॉपी करायला लावलंत म्हणून त्या पावत्या राहिल्या, नाहीतर त्या रात्रीच गेल्या असत्या. दुसरं म्हणजे आमच्या नेटला वॉर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि मी ती थेट वेबॲप्समध्ये चढवायचो, ऑटो डिप्लॉय (नवीन वॉर दिसली की आपोआप चालू करणं) चालू असल्यामुळे टॉमकॅट अर्धवट चढलेलीच फाइल उचलायला बघायचा आणि झिपचा एरर द्यायचा. आता आधी होम फोल्डरमध्ये पूर्ण चढू देतो, मग एमव्ही कमांडने आत सरकवतो, तेव्हापासून तो एरर एकदाही आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी 7 वाजता मी आणि बाबा दोघं पडवीत फोन घेऊन बसलो होतो. एक मेसेज आला. पाच मिनिटं थांबलो, दुसरा आला नाही. बाबांनी यादी उघडली, वहीशी एकेक नाव ताडून बघितलं आणि मग वही मिटून आत ठेवून आले. दादा, तुमच्यासाठी ते सव्वा तासाचं काम होतं, आमच्या घरात त्याचं मोल फार मोठं आहे.

पैशाचं विचारलं तर तुम्ही रागावलात, म्हणून परत विचारत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात 5 डझनची एक पेटी घेऊन मी स्वतः येतोय, बाबांनी झाडावरचे निवडून काढलेत, अढीत घातलेत. टॉमकॅट 10 वर जायचं तुम्ही म्हणाला होतात, तिथे कोडमधली जावाएक्स सर्व्हलेटची सगळी नावं जकार्ता होतात म्हणून माझी वॉर जशीच्या तशी चालणार नाही, ते समजलं. सीझनमध्ये हात लावत नाही. पाऊस सुरू झाला, बागेचं काम संपलं की लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येतो, तेव्हा समोर बसून करू.