कार्टून काढणारा आठवतो, कोरणारा नाही

संपादक साहेब, नमस्कार. जुन्या इंग्रजी कार्टूनवरचा तुमचा लेख आवडला पण एक गोष्ट राहिलीच हो, १८४१ ला लंडनमध्ये सुरू झालेल्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकासाठी जॉन टेनिएल वगैरे चित्रकार मंडळी छपाईच्या लाकडी ठोकळ्यावर आरशातल्यासारखं उलटं चित्र काढायची अन् मग जोसेफ स्वेनसारखा कारागीर रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचा, म्हणजे मूळ चित्र त्यातच खलास! हे ठोकळे बॉक्सवुड नावाच्या झाडाचे, त्याचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला तुकडे बोल्टने जोडायचे, कधीकधी सांध्याची पांढरी रेघ छापात दिसते (मला तर तीच शोधायला मजा येते). 'कार्टून'ला आजचा अर्थ १८४३ मध्ये 'पंच'मधल्याच जॉन लीचच्या चित्रापासून चिकटला, तेही नव्हतं लेखात. पुढच्या वेळी स्वेनचं नाव तेवढं छापा.

- एक वाचक