ट्रेलरचा जॅक दोरीने बांधून भागत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गाडीमागे जोडलेल्या अनेक ट्रेलरांचा पुढचा जॅक, म्हणजे गाडी सोडल्यावर ट्रेलरचे पुढचे टोक पेलणारा पाय, दोरीने, तारेने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबने गाडीला जोडणाऱ्या दांड्याला बांधलेला दिसतो. वाटेत जॅक आपोआप खाली येतो म्हणून केलेला हा बंदोबस्त. मीही दोन वर्षे तेच करत होतो. एकदा गतिरोधकावर दोरी तुटली, मागून लोखंड घासत असल्याचा आवाज आला आणि थांबून पाहिले तेव्हा जॅकचा पाय मागे वाकून गेलेला होता. मी नवा जॅक बसवला. चौथ्याच फेरीत तोही खाली आला!

माझा जॅक फिरवून आडवा करता येणारा आहे. तो आडवा राहतो तो स्प्रिंगच्या पिनेवर. जॅकच्या कड्यातली ही पिन दांड्यावर वेल्ड केलेल्या बैठकीच्या भोकात जाऊन बसते. नवा जॅक मी जुन्याच बैठकीवर चढवला होता आणि तिचे भोक वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी झिजून लांबट झाले होते. असे भोक असेल तर नवी स्प्रिंग काय किंवा नवी पिन काय, काहीच उपयोगी पडत नाही. बैठकच बदलावी लागते. अर्थात बहुतेकदा पाळी तिथवर येत नाही. चिखलाने किंवा गंजाने अडलेली पिन भोकात पूर्ण न शिरता काठावर टेकून राहते आणि वरवर पाहणाऱ्याला ती बसल्यासारखीच वाटते. अशा वेळी पिन ओढून पुसावी, गंज काढून तेलाचे दोन थेंब सोडावेत, स्प्रिंग मलूल झाली असेल तर बदलावी आणि जॅक आडवा केल्यावर तो दोन्ही बाजूंना किंचित हलवून ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत पाहावे. तो आवाज आल्याशिवाय मी आता गाडी सुरू करत नाही.

उभ्या स्क्रू-जॅकची गोष्ट वेगळी आहे. तिथे हादऱ्यांनी हँडल थोडेथोडे उलटे फिरत जाते आणि आतली नळी उतरत राहते. म्हणून नळी पूर्ण वर घेऊन हँडल त्याच्या क्लिपमध्ये अडकवावे आणि क्लिप तुटली असेल तर पट्ट्याने घट्ट बांधावे. इथे बांधणे योग्यच आहे, मात्र बांधायचे ते हँडल, पाय नव्हे. हँडल फिरते पण नळी जागची हलत नाही, असे झाले तर हँडलची आडवी पिन तुटली आहे किंवा आतल्या गिअरचे दात गेले आहेत असे समजावे. तो जॅक दुरुस्त होईपर्यंत ट्रेलर रस्त्यावर आणू नये.

छोटे चाक असलेला जॅक शिकंज्यात धरलेला असतो आणि हौशी मंडळी नेमकी त्याच्या बाहेरच्या नळीलाच ग्रीस फासतात. शिकंजा धरतो तो घर्षणावर, त्यामुळे नळी सटकणारच. वंगण आतल्या स्क्रूला द्यावे, बाहेरची नळी कोरडी ठेवावी आणि चाक वर घेताना चाक धरणारा चिमटा नळीच्या खाचांत बसल्याची खात्री करून घ्यावी.

पिन किंवा जॅक काढण्यापूर्वी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि दांडा गाडीला जोडलेला किंवा भक्कम स्टँडवर टेकलेला असावा, ही बाब घाईत हमखास राहून जाते. साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांड्यावर येतो, म्हणजे 1000 किलोच्या ट्रेलरचा दांडा सुटला तर आपल्या पायावर 100 ते 150 किलो वजन पडेल.

दुरुस्तीनंतर मी पिनेच्या दांडीवर, ती पूर्ण आत बसल्यावर कड्याच्या काठाशी येईल अशी, पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. पहिल्या थांब्यावर उतरलो की ती काठाशीच आहे का, एवढेच वाकून पाहतो.

आपला नम्र,
एक वाचक