काटकसर ताटात नको

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तुला न विचारता फ्रीज आवरला म्हणून तू फुगून बसली आहेस, हे परवा फोनवरच्या नुसत्या ‘हं’वरून कळलं. म्हणून लिहायलाच घेतलं. फोनवर तू विषय बदलतेस, पत्रात ती सोय नाही.

खालच्या खणात काय निघालं ते तेव्हा बोलले नाही. पिशवीत पालकाची जुडी होती, म्हणजे एके काळी होती. उचलली तर हातावर हिरवं पाणी ओघळलं. तिच्यामागे काळा पडलेला अर्धा कोबी, आणि बुरशी धरलेलं दह्याचं भांडं. आणि भाज्या परवडत नाहीत म्हणून तू रात्री चहात बिस्किटं बुडवून जेवण उरकतेस! जे विकत आणून टाकून दिलं, त्याच्याइतकं महाग तुमच्या किराण्यात दुसरं काही नाही.

पैसा जपायला मी तुमच्याकडूनच शिकले, त्यामुळे तुम्हाला शिकवायला गेले तर शोभणार नाही. पण तुम्ही दोघं हात आखडता घेताय तो ताटावर, आणि सैल सोडताय तो डब्या-पाकिटांवर. बाबा, तुमचं ते ‘या वयात माणसाला लागतं किती?’ अर्धंच खरं आहे. भूक कमी होते, पण प्रथिनं उलट जास्त लागतात. वयाबरोबर स्नायू झडतात आणि खाल्लेल्या प्रथिनांचा उपयोग शरीराला पूर्वीइतका करून घेता येत नाही. एरवी वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात, पण पासष्टीनंतर आहारतज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. तुम्ही ६० किलोचे, म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. मी होते त्या मंगळवारी तुमच्या पोटात काय काय गेलं ते मोजलं, पस्तिशीच्या पुढे जाईना. (मूत्रपिंडाचा विकार असेल त्याचं गणित वेगळं असतं. तुमचा रिपोर्ट चांगला आहे, तरी पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घाला.)

ही तूट भरायला महाग काही लागत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, आणि १०० ग्रॅम कोरड्या मसुरीत तब्बल २४ च्या आसपास. त्या शक्तिवर्धक पावडरीच्या डब्यावरचं बारीक अक्षर मी भिंग घेऊन वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, आणि तुमच्या डब्यावर दुसऱ्याच नंबरला साखर. दोन चमच्यांत प्रथिनं म्हणाल तर दोन ग्रॅम. तो डबा ज्या दिवशी आणता त्या दिवशी अंडी ‘महाग झालीत’ म्हणून ठेवून येता, याला काय म्हणावं?

सुपाच्या पाकिटांचंही तसंच. त्यावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, म्हणून आपण फसतो. सोडियमला अडीचने गुणायचं की मीठ कळतं. तुमच्या पाकिटात वाटीमागे ८०० मिलीग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, आणि तुम्ही रक्तदाबाची गोळी घेऊन वर दोन वाट्या सूप पिता.

‘मोठं पाकीट स्वस्त पडतं’ या बाबतीत मीही शहाणी नव्हते. नवी नोकरी लागली तेव्हा सवलत दिसली म्हणून एकटीसाठी दहा किलो पीठ आणलं. दीड महिन्यात त्यात जाळं धरलं, आणि चाळत बसण्याचा उत्साह तिसऱ्या दिवशी संपला. किलोमागचा दर बघावाच, पण आपल्याकडून किती दिवसांत संपेल तेही बघावं. तेल, दाणे, पीठ दोघांपुरतं लहानच आणा, खवट होतं. डाळी-कडधान्यं मात्र खुशाल जास्त भरा. भिजवून शिजवल्यावर त्यांचं वजन दुपटीच्या वर जातं, म्हणून शिजवलेल्या कडधान्याच्या डब्याशी भाव ताडताना हे लक्षात ठेवा. राजमा तेवढा नीट भिजवून, पाणी बदलून, खळखळ उकळायचा. अर्धाकच्चा राहिला तर त्यातल्या विषारी घटकाने उलट्या होतात.

भाजी कमी आणू नका, क्रमाने संपवा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग काकडी-टोमॅटो, आणि गाजर, कोबी, भोपळा आठवड्याच्या शेवटाला. पालेभाजी ओली ठेवायची नाही, कोरड्या फडक्यात गुंडाळायची. आई, गोठवलेले वाटाणे तुला शिळे वाटतात, पण ते तोडल्यावर थोड्याच वेळात गोठवतात, जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात, आणि मूठभर काढून उरलेले परत ठेवता येतात. फळं-भाज्या मिळून माणशी रोज निदान ४०० ग्रॅम हव्यात. बटाटे त्यात धरत नाहीत, बाबा!

आणि तो भात. ‘वाया जायला नको’ म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी गरम करून खाता. भातात असे काही जीवाणू असतात ज्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरला तर पसरट भांड्यात निववून तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. मागच्या महिन्यात तुमचं पोट बिघडलं त्याला भातच कारण होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण त्या औषधांच्या बिलात महिन्याची अंडी आली असती.

आई, रात्री पुन्हा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो हे मला कळतं, माझंही तेच होतं. म्हणून दुपारीच मसूर थोडी जास्त लाव आणि उरलेली लगेच फ्रीजमध्ये ठेव. रात्री गरम करून, वर लिंबू पिळून खा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं. चहा मात्र तासभर मागे सरकव, तो नेमकं उलटं करतो.

पावडर संपली की डबा टाकू नकोस, झाकण चांगलं घट्ट आहे, मसूर भरायला होईल. आणि बाबा, बिलाच्या मागे केलेला हिशेब फ्रीजच्या दारावर चिकटवून आले आहे. आईने काढलाच, तर रविवारी फोनवर हळूच सांगा. दुसरा पाठवते.

तुमची,
धाकटी