बोटीवरचे बिल रुपयांत नको, डॉलरमध्येच घ्या

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

पावसाळा सरला की मुरगाव बंदरात विदेशी पर्यटक बोटी लागू लागतात आणि त्याच सुमारास पणजी-मडगावच्या ट्रॅव्हल एजंटांच्या जाहिरातींत सिंगापूर, भूमध्य समुद्र, अलास्का अशा क्रूझ सहली झळकू लागतात. गोव्यातील मध्यमवर्गीय कुटुंबे, विशेषतः नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी, आता अशा सहलींना जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिकिटाच्या दरासाठी चार एजंटांकडे चौकशी करणारी हीच माणसे बोटीवर झालेल्या खर्चाचे बिल मात्र नीट न पाहता फेडून मोकळी होतात आणि चलनबदलाच्या नावाखाली त्यांच्या खिशातून विनाकारण काही हजार रुपये जातात. बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी झालेली असल्याने ही गोष्ट आपल्या वाचकांपर्यंत पोहोचवणे मला आवश्यक वाटते.

क्रूझ बोटीवर रोकड सहसा चालत नाही. बोटीवर चढताना, किंवा त्याआधी घरी बसून ऑनलाइन नोंदणी करताना, प्रवाशाने आपले क्रेडिट किंवा डेबिट कार्ड नोंदवायचे असते. त्यानंतर केबिनची किल्ली म्हणून मिळालेले कार्ड दाखवले की कॉफी, लाँड्री, इंटरनेट, बंदरावरच्या सहली आणि रोजची टिप असा सगळा खर्च प्रवाशाच्या खात्यावर चढत जातो. हा हिशेब बोटीच्या चलनात चालतो. बहुतेक मोठ्या बोटींवर ते चलन अमेरिकन डॉलर असते, युरोपातील काही बोटींवर युरो असते, तर सिंगापूरहून सुटणाऱ्या काही बोटींवर सिंगापूर डॉलर. शेवटच्या रात्री खाते बंद होते आणि नोंदवलेल्या कार्डावरून रक्कम आपोआप वळती होते. प्रवाशाने वेगळी सही करण्याचा प्रश्न तेव्हा येतच नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते. कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते भारतीय बँकेचे आहे हे यंत्रणेला कळते आणि काही बोटींवर डॉलरचे बिल परस्पर रुपयांत बदलून मगच कार्डावर टाकले जाते. या पद्धतीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी, असे म्हणतात. त्यासाठी लावलेला दर बाजारातल्या दरापेक्षा तीन-चार टक्क्यांनी, कधी त्याहूनही अधिक, चढा असतो. हा वरचा पैसा चलनबदल करून देणारी कंपनी, तिची बँक आणि व्यापारी यांच्यात वाटला जातो. म्हणजे प्रवाशाने रुपयांत बिल घ्यावे यात बोटीचाही फायदा असतो.

अलीकडेच आमच्या शेजारच्या एका जोडप्याने आपले बिल मला दाखवायला आणले. चार पानांच्या त्या बिलात प्रत्येक ओळ डॉलरमध्ये होती आणि बेरीजही डॉलरमध्येच होती. फक्त शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत रुपयांची रक्कम, विनिमय दर आणि ‘कार्डधारकाने आपल्या चलनात रक्कम अदा करण्यास संमती दिली आहे’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य होते. ही संमती आपण कधी दिली, हे दोघांनाही आठवेना. शोध घेतला तेव्हा ती नोंदणीच्या अर्जात सापडली. कार्डाचा क्रमांक भरायच्या चौकटीखाली अटींचा एक लांबलचक परिच्छेद होता आणि त्याच्या मध्यावर ती अट होती. सुटीच्या उत्साहात, हातात सामान आणि मागे रांग असताना, असा परिच्छेद कोण वाचत बसणार? संमती अशा ठिकाणी दडवून घेणे मला तरी प्रामाणिक व्यवहाराला धरून वाटत नाही.

आता यात नुकसान किती होते ते पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा बाजारभाव ८५ रुपये आणि बोटीवरचे बिल ८०० डॉलर धरले, तर मूळ रक्कम ६८,००० रुपये होते. बोटीने चार टक्के चढा दर लावून रुपयांत बिल केले की हीच रक्कम ७०,७२० रुपये होते. रुपयांत बिल झाले म्हणजे आपल्या बँकेचा आकार वाचला, असे अनेकांना वाटते. तो समज चुकीचा आहे. व्यापारी परदेशातला असल्याने रुपयांतल्या अशा व्यवहारावरही काही भारतीय बँका एक टक्का शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे आणखी सुमारे ८३४ रुपये. एकूण जादा भुर्दंड ३,५५४ रुपयांचा. याउलट बिल डॉलरमध्येच ठेवले, तर चलनबदल कार्डाच्या नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपनीच्या) दराने होतो, जो बाजारभावाच्या बराच जवळ असतो, आणि त्यावर आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातील व्यवहारावरचा जादा आकार, लागतो. साध्या क्रेडिट कार्डावर तो ३.५ टक्क्यांपर्यंत असतो. तेवढा धरला तर जीएसटीसह सुमारे २,८०८ रुपये होतात. मार्कअप दोन टक्के असलेल्या कार्डावर हाच खर्च १,६०५ रुपयांच्या आसपास येतो आणि काही कार्डांवर मार्कअप मुळीच नसतो. तेव्हा साधे कार्ड वापरणाऱ्याचा फायदा काही शेकड्यांचा असला, तरी कमी मार्कअपचे कार्ड काळजीपूर्वक निवडणाऱ्याची सगळी बचत डीसीसी गिळून टाकते.

सर्वांत मोठा फटका फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवलेले कार्ड, घेणाऱ्यांना बसतो आणि याविषयी मला सर्वाधिक तळमळीने सांगायचे आहे, कारण ही माणसे खरे तर सर्वांत सावध असतात. डॉलर स्वस्त असताना त्यांनी तो विकत घेऊन कार्डात भरलेला असतो, दर निश्चित झालेला असतो आणि बिलही डॉलरमध्येच असते. म्हणजे चलन बदलण्याची काही गरजच उरलेली नसते. परंतु ते कार्ड भारतीय बँकेचे असल्याने यंत्रणा ते रुपयांचे समजते, डॉलरचे बिल रुपयांत बदलते, आणि कार्डात रुपये नसल्याने बँक त्या रुपयांचे पुन्हा डॉलर करून कार्डातून वळते करते. या उलट्या बदलावर अनेक फॉरेक्स कार्डांना ३.५ टक्क्यांपर्यंत क्रॉस करन्सी शुल्क असते. वरच्याच उदाहरणात ७०,७२० रुपयांचे ८३२ डॉलर होतात आणि शुल्क धरून कार्डातून ८६१ डॉलर जातात. ८०० डॉलरचे बिल फेडायला ६१ डॉलर, म्हणजे पाच हजारांहून अधिक रुपये, वरचे गेले. डॉलरचे बिल डॉलरने फेडणाऱ्या माणसावर ही वेळ येऊ नये.

उपाय सोपा आहे, मात्र तो वेळेवर करावा लागतो. बोटीवर चढल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जावे, आपल्या कार्डावर चलनबदल लागू आहे का हे विचारावे आणि बिल बोटीच्या चलनातच हवे असे स्पष्ट सांगून त्याची लेखी नोंद मागून घ्यावी. काही बोटींवर त्यासाठी छोटा अर्ज भरून घेतात. शेवटच्या संध्याकाळी याच काउंटरवर मोठी रांग लागते आणि खाते एकदा बंद होऊन रक्कम कार्डावर गेली की बोटीवरून काही बदलणे फार अवघड जाते. खाते बंद होण्यापूर्वी बोटीच्या अ‍ॅपवर किंवा छापील प्रतीवर शेवटची रक्कम कोणत्या चलनात आहे तेवढे अवश्य पाहावे. पती-पत्नींनी वेगवेगळी कार्डे नोंदवली असतील, तर दोन्हींसाठी वेगवेगळे सांगावे लागते. किनाऱ्यावरच्या दुकानात यंत्राने रुपये की युरो असे विचारले, तर तिथेही युरोच निवडावे.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी घरूनच करून घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावरचा परदेशी वापर मुळात बंद असतो, तो आपण स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. शिवाय शक्यतो डेबिट कार्ड नोंदवू नये, कारण बोट खर्चापोटी काही रक्कम रोखून धरते आणि सहल संपल्यावरही ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड नसेल, तर बहुतेक बोटींवर रोख डॉलर अनामत ठेवून खाते चालवता येते व उरलेली रक्कम शेवटी परत मिळते.

हे सगळे काउंटरवर बोलताना संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. आपल्या गोव्याची असंख्य मुले-मुली याच बोटींवर राबतात; काउंटरवर कोकणी बोलणारे कोणी भेटले, तर काम आणखी सुकर होईल. चलनबदलाचे धोरण कंपनी ठरवते, तिथे उभी असलेली मुले नव्हे. त्यांच्याशी वाद घालू नये. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आपले आप्त अशा सहलीत सोबत असतील, तर त्यांनाही हे सांगावे, कारण ब्रिटिश कार्डावर हाच प्रकार पौंडांत होतो.

संमती न घेता असा बदल करणे व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत बसत नाही. दोन्ही चलनांतली रक्कम आणि लावलेला दर दाखवून निवड ग्राहकाकडेच सोडली पाहिजे, असे त्यांचे नियम सांगतात. युरोपीय संघाने तर २०१९ मध्ये विनियम करून, असा चलनबदल करणाऱ्यांनी आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के अधिक आहे हे व्यवहारापूर्वी दाखवावे, असे बंधन घातले आहे. म्हणून विचारणा न करता रुपयांत बिल झाले असेल, तर बिल आणि नोंदणीचा अर्ज जपून ठेवून आपल्या बँकेकडे त्या व्यवहारावर लेखी हरकत घ्यावी. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

परंतु तक्रार करण्याची वेळच येऊ नये यासाठी गोव्यातील ट्रॅव्हल एजंटांना माझी आग्रहाची विनंती आहे की, क्रूझचे तिकीट देताना बोटीचे चलन कोणते, तिथे डीसीसी लावतात का आणि तो कुठे नाकारायचा, ही माहिती त्यांनी मराठीत किंवा कोकणीत एका कागदावर छापून द्यावी. फॉरेक्स कार्ड विकणाऱ्या बँकांच्या शाखांनीही कार्ड हातात देतानाच उलट्या चलनबदलाविषयी ग्राहकाला तोंडी सांगावे. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत क्रूझच्या जाहिराती छापल्या जातात. त्याच पानावर एखाद्या चौकटीत ही माहिती हंगामभर देता आली, तर वाचकांवर आपले उपकार होतील.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
फोंडा, गोवा